कुंदाबाईंसाठी खरारा

"उद्यापाईन येऊ नको," असं झिपरूनानांनी बेबाबाईला सांगितलं, आणि सगळं तिथून सुरू झालं.

बेबाबाई शेजारीण. हिवाळ्यात कुंदाबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. धुळ्याच्या दवाखान्यातून त्या काठी टेकत घरी आल्या, तेव्हापासून बेबाबाई रोज सकाळी यायची, त्यांची वेणी घालायची, अंबाडा बांधून द्यायची आणि चहा पिऊन जायची. चहा नाना करायचे. तो त्यांना चांगला येत होता, असं त्यांचं मत होतं. (बेबाबाई घरी जाऊन पुन्हा चहा ठेवायची, ही गोष्ट वेगळी.)

त्या सकाळी ती निघाली आणि दारातच गल्लीतल्या दोन बायांशी बोलत उभी राहिली. नाना आत कप विसळत होते. त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"नानाले बैलना शिंगले तेल लावता येस," बेबाबाई म्हणाली. "बायकोनी वेणी घालता नई येस."

बाया हसल्या. नाना कप हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो हुकूम सोडला.

"मंग वेणी कोण घाली?" बेबाबाईनं विचारलं.

"मी."

बेबाबाईनं आत बसलेल्या कुंदाबाईंकडे पाहिलं. कुंदाबाईंनी भिंतीकडे पाहिलं.

अमुक काम आपल्याला येत नाही, असं नानांनी आजवर कोणाला म्हणू दिलं नव्हतं. शाळा त्यांनी लवकर सोडली, किंवा शाळेनं त्यांना सोडलं. पण विहिरीवरची मोटार त्यांनी स्वतः खोलली, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बसवली, रेडिओ दुरुस्त केला. रेडिओ अजून बंद आहे. तो दोष रेडिओचा. कोणाला विचारणं म्हणजे कमीपणा, आणि कमीपणा घेण्यापेक्षा वस्तू बिघडलेली बरी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

संध्याकाळी नूतनचा फोन आला. नूतन त्यांची एकुलती लेक, जळगावात दिलेली. आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे लेकींचा सण. माहेरी यायचं, झोका खेळायचा, सांजोऱ्या खायच्या.

"नाना, मी येतेय सणाला," ती म्हणाली. "आणि आल्यावर आईला धुळ्याला नेऊन केस बारीक करून आणू. उन्हाळा आहे. तिलाही सोपं पडेल."

"केस कापाना नई."

"मग रोज करणार कोण? बेबाकाकूला किती दिवस त्रास द्यायचा?"

"तिले बंद करं. मी करस आते."

मग नूतन जपून बोलली. "बरं. मी येऊन बघते. केस नीट असले तर राहू देऊ. गुंता असला तर मात्र कापायचे. कबूल?"

"कबूल."

कुंदाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

कुंदाबाईंचे केस ही गावात एकेकाळी बोलण्याची गोष्ट होती. साक्रीकडून त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बाया मुद्दाम केस बघायला येत. गुडघ्याला टेकत, असं म्हणतात. म्हणतात, कारण नानांनी ते नीट पाहिले नव्हते. घरात सासू होती, सासरा होता, पदर कपाळापर्यंत होता. वेणीफणी मागच्या ओट्यावर व्हायची, ती पुरुष शेतात गेल्यावर. पुढे सासू गेली, सासरा गेला, पदर थोडा मागे सरकला. पण नाना सकाळी शेतात जात ते जातच राहिले. एका घरात जन्म काढला तरी बायकोच्या वेणीला पेड किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी ते कुंदाबाईंच्या मागे पाटावर बसले आणि केस हातात घेतले. आता ते निम्मे पांढरे होते, कमरेच्या खाली येत होते, आणि वजनाला भारी होते. नानांनी त्यांचे दोन भाग केले, एकमेकांभोवती पिळले आणि खाली गाठ मारली.

कुंदाबाईंनी डाव्या हातानं मागे चाचपून पाहिलं. बोटं पिळावरून खाली गेली आणि गाठीपाशी थांबली.

"हाऊ तं कासरा शे," त्या म्हणाल्या. "आते माले गव्हाणले बांधी द्या."

"कितला पेड ऱ्हातस?"

"तीन."

"दोन काबर नई?"

आजारपणानंतर कुंदाबाई बोलायच्या हळू, आणि ज्याचा उपयोग नाही असं बोलणं त्यांनी अजिबातच सोडलं होतं.

पेडांचं नाना दोन-तीन दिवसांत शिकले. दोर वळणाऱ्या माणसाला तीन पेड जड नव्हते. जड होतं ते विंचरणं. नानांचा उजवा पंजा कडबा कापायच्या यंत्रात सापडला होता, त्याला जमाना झाला. दोन बोटांची शेवटची पेरं तेव्हाच गेली. उरलेल्या बोटांची कातडी खरखरीत, भेगा पडलेली. त्या भेगांत केस अडकायचे. कंगवा बोटांत धरवत नव्हता, म्हणून नाना तो मुठीत धरून वरून खाली ओढायचे, जमिनीतून कोळपं ओढावं तसा. कुंदाबाई हूं की चूं करत नव्हत्या. नानांना वाटलं, जमतंय.

मग एका सकाळी त्यांना कंगव्याच्या दातांवर लाल दिसलं.

त्यांनी केस बाजूला करून पाहिलं. उजव्या कानामागे कातडी खरवडून निघाली होती. एक ओरखडा ताजा होता. त्याच्याखाली आधीचे होते, वाळलेले. कुंदाबाई शांत बसून समोरच्या तुळशीकडे पाहत होत्या. त्या अंगाला त्यांना काही कळतच नव्हतं.

"का थांबनात?" त्यांनी विचारलं.

"गुता शे," नाना म्हणाले. त्यांनी कंगवा धोतराला पुसला. रक्ताचं त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या दिवशी वेणी तशीच सैल घातली.

दुपारभर ते गोठ्यात बसून होते. गोठ्यात आता जनावर म्हणजे एक शेळी. बैलजोडी विकली त्याला वर्षं झाली, शेत वाट्यानं दिलेलं. खुंटीवर मात्र सगळं जागच्या जागी होतं. झूल, घुंगुरमाळ, आणि खरारा. खरारा म्हणजे जनावराचं अंग साफ करायचा दातेरी ब्रश. वरून चामड्याचा पट्टा, त्यात पंजा घालायचा, बक्कल आवळायचं आणि पाठीवरून फिरवायचा. धरावा लागत नाही. हाताचाच होऊन जातो.

नाना त्या खराऱ्याकडे पाहत राहिले. हरण्या बैलाच्या अंगावर त्यांनी तो रोज फिरवला होता. हरण्याला कधी ओरखडा उठला नाही. म्हणजे दोष हाताचा नव्हता. दोष कंगव्याचा होता. (दोष नानांचा असू शकेल, ही शक्यता त्यांनी फार वेळ तपासली नाही.)

बायकोच्या केसांसाठी हातात घालायचं यंत्र करायचं, असं त्यांनी ठरवलं.

लोखंडी दाते चालणार नव्हते, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून पट्टा तेवढा उसवून घेतला. दात्यांसाठी कडुनिंबाची फांदी आणली. तिच्या बारीक खुंट्या कापल्या, चाकूनं तासल्या, दगडावर घासून त्यांची टोकं गोल केली. टोक पुरतं गोल झालं की नाही, हे नानांच्या बोटांना कळेना. ती बोटं काट्यालाही ओळख देत नव्हती. मग त्यांनी प्रत्येक खुंटी ओठावर फिरवून पाहिली. टोचली की पुन्हा दगडावर. गोठ्याच्या दारातून बेबाबाईनं हे पाहिलं आणि नाना लाकडाचे मुके घेतात असं गल्लीत सांगितलं.

खुंट्या बसवायला मऊ पण घट्ट असं काहीतरी हवं होतं. रबरी चपलेचा तळ. घरात जुन्या चपला होत्या. पण पायातली वस्तू बायकोच्या डोक्याला लावणं नानांना पटलं नाही. त्यांनी नवी कोरी निळी चप्पल विकत घेतली. दुकानदारानं पायात घालून बघा म्हटलं.

"पायमा नई घालानी," नाना म्हणाले.

"मग?"

"तुले काय करानं?"

नाना चप्पल छातीशी धरून, जुन्या चपला फटफट वाजवत घरी आले. उजव्या पायाची कापली. डाव्या पायाची अजून घरात आहे.

शेवटी चिकटवायचा प्रश्न आला. प्रेमराजचं सायकलचं दुकान स्टँडजवळ होतं.

"पंक्चरनं सोलुशन दे," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही सायकल कव्हय लिनी?"

"सायकल नई."

"मंग पंक्चर कसानं?"

"डोकानं," नाना म्हणाले आणि ट्यूब खिशात घालून निघाले. प्रेमराजनं ते शब्दशः घेतलं आणि नानांची तब्येत बरी नसल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं.

यंत्र तयार झालं. निळा तळ, त्यातून वर आलेल्या नीट रांगेतल्या खुंट्या, मागे काळाभोर जुना पट्टा आणि पितळी बक्कल. चाचणी शेळीवर घेतली. शेळी एरवी पाणी थंड आहे म्हणूनसुद्धा ओरडायची. यंत्र फिरवलं तशी तिनं डोळे मिटले. नानांना आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र हातात चढवून कुंदाबाईंच्या मागे बसले. आधी केसांच्या टोकाकडून, मग थोडं वर, मग आणखी वर. हे त्यांना शेळीनं शिकवलं होतं. तळहाताखाली डोक्याचा आकार कळत होता. कंगव्यात तो कधी कळला नव्हता. कानामागे आले तेव्हा त्यांनी हात हवेत असल्यासारखा हलका केला.

कुंदाबाईंनी डावा हात वर करून यंत्र चाचपलं. बोटं रबरावरून गेली.

"चप्पल शे का?"

"नवी शे. पायमा घाली नई."

"मंग ठीक." बोटं मागे पट्ट्यावर गेली आणि तिथं थांबली. "हाऊ पट्टा हरण्याना शे ना?"

"हा."

तुळशीवर एक चिमणी आली, बसली, उडाली.

"हरण्या नशीबवान व्हता," त्या म्हणाल्या. "त्याले रोज भेटे."

नानांना वाटलं, ही चेष्टा आहे. मग वाटलं, नाही. दोन्हीपैकी काय, ते मागून कळत नव्हतं, आणि पुढे जाऊन तोंड पाहावं एवढी सवय त्यांना नव्हती. ते विंचरत राहिले. त्या दिवशी जरा जास्तच वेळ विंचरलं. गुंता केव्हाच संपला होता.

पुढचे दिवस चांगले गेले. सकाळ झाली की नाना पाट मांडत. कुंदाबाई येऊन बसत. बोलणं फार नसायचंच. कधी कुंदाबाई माहेरची एखादी गोष्ट सांगत, तिथल्या डोंगराची, मोहाच्या झाडाची. नानांनी त्या कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी कधी सांगितल्या नव्हत्या, असं नानांना वाटलं. त्या रोज सांगत होत्या, पण बेबाबाईला.

बेबाबाई स्वतः येऊन वेणी बघून गेली. तिनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली, ओढून पाहिली.

"बरी शे," ती म्हणाली.

बेबाबाईच्या तोंडून 'बरी' म्हणजे मोठंच प्रमाणपत्र. गल्लीतल्या बाया यंत्र बघायला येऊ लागल्या. एकीनं आपल्या सासूसाठी करून मागितलं. नानांची मान ताठ झाली. ती आधीही ताठच होती, आता थोडी मागे झुकली. त्यांनी जळगावला फोन केला.

"नूतन, पार्लर-बिर्लर काही नको. ये आणि पाह्य."

"बघते ना," नूतन म्हणाली.

आखाजीचा दिवस उजाडला. गावात झाडाझाडांना झोके बांधले होते. ऊन सकाळीच तापलं होतं. नूतन दुपारच्या आत येणार होती. नानांनी कुंदाबाईंचे केस स्वतः धुतले, पाणी विहिरीवरून आणलं, शिकेकाई उकळली. केस वाळले. आता विंचरायचं, वेणी घालायची, अंबाडा बांधायचा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. लेक दारात आली की तिनं बघतच राहावं.

"सण शे," कुंदाबाई म्हणाल्या. "तेल लावतात का?"

आजारपणापासून केसांना तेल नव्हतं. बेबाबाईला घाई असायची, आणि नानांना सुचलं नव्हतं. त्यांनी खोबरेल तेल वाटीत ओतलं, चुलीवर चांगलं कोमट केलं. भरपूर घेतलं. हात आखडता घेणं त्यांना आवडत नव्हतं. तेल केसांत मुरवलं, यंत्र चढवलं, बक्कल आवळलं आणि सुरुवात केली.

शेळीच्या केसांना तेल नव्हतं. एवढीच चूक. पंक्चरचं सोलुशन ट्यूबला धरून ठेवतं, पण कोमट तेल आणि वर वैशाखाचं ऊन, यापुढे त्यानं हात टेकले. खुंट्यांची मुळं सुटली. सोलुशन वितळून दाट, चिकट, तपकिरी झालं आणि केसांत उतरलं. नानांना हात जरा जड वाटला. तेल जास्त झालं असावं, असं समजून त्यांनी जोर लावला. मग हात थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

"काय व्हयनं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"काही नई."

त्यांनी यंत्र फिरवून बाहेर काढायचा प्रयत्न केला. केसांचा एक मोठा वळसा बक्कलाभोवती बसला. आता बक्कल केसांच्या आत, आणि हात बक्कलाच्या आत. डाव्या हातानं सोडवायला गेले तर तेलानं बोटं निसटू लागली. कुंदाबाईंनी आपला डावा हात मागे आणून मदत केली. दोघांत मिळून मोकळे हात दोन, आणि दोन्ही डावे. दोन डाव्या हातांनी मिळून ती गाठ पक्की केली.

"तुम्ही सोडा," कुंदाबाई म्हणाल्या.

"सोडता येत नई."

"मंग धरी ऱ्हा."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि दाराची कडी वाजली. "नाना, दार उघडा."

कडी आतून होती. नाना म्हणाले, थांब. कुंदाबाई म्हणाल्या, लेकीला उन्हात कशाला उभं करता? दोघं उठले. पुढे कुंदाबाई, काठी टेकत, एक पाय ओढत. मागे नाना, उजवा हात त्यांच्या डोक्यावर. अंगण संपता संपेना. भिंतीवरून बेबाबाईचं डोकं वर आलं.

"नाना, आशीर्वाद दी ऱ्हायनात का?" तिनं विचारलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मान वळवता येत होती, पण ते वळले नाहीत.

दार उघडलं. नूतन हातात पिशव्या घेऊन उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आईच्या डोक्यातून डोकावणारी निळी चप्पल पाहिली. तिला हसू फुटलं. पिशव्या खाली ठेवून ती भिंतीला टेकली आणि हसत राहिली. मग जवळ आली, केस हातात घेतले, आणि तिचं हसू थांबलं. डोळ्याला पदर लावून ती आत कात्री शोधायला गेली.

पहिला कापला तो पट्टा. हरण्याचा पट्टा होता, चामडं जाड होतं, कात्री दोनदा अडली. नानांचा हात सुटला. बोटं तपकिरी झाली होती. यंत्र मात्र केसांतच लोंबत राहिलं.

"रॉकेल लाई देखू का?" नानांनी विचारलं.

"नाना, तुम्ही बसा."

"डिझेल शे मोटरना खोलीमा."

"नाना, तुम्ही गप्प बसा."

नाना बसले. नूतननं साबण लावला, गरम पाणी ओतलं, दोन खुंट्या काढल्या. बाकीचं आणखी पसरलं. तिनं हात पुसले आणि आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, कापावे लागतील. मानेपर्यंत. तुला चालेल का? तूच सांग."

हा प्रश्न कुंदाबाईंना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. नाना मध्येच म्हणाले, "थोडं थांब. प्रेमराजले बलावतस मी, त्याले माहीत ऱ्हाई सोलुशन कसं..."

"काप," कुंदाबाई म्हणाल्या.

नाना थांबले.

"माले तं कव्हयनंच कापानं व्हतं," कुंदाबाई हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाल्या. "मानले वझं व्हस. उजवा अंगवर झोपनू का केस अंगखाल दाबातस, आन माले कयत नई. मान वढास तव्हय कयस. रातभर झोप नई लागे."

"मंग बोलनी का नई?" नाना म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "नूतनना फोन उना तव्हयच सांगानं ना."

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाची उजवी बाजू हलत नव्हती. डावी किंचित हलली.

"तुम्ही रोज सकाय डोकाले हात लावेत," त्या म्हणाल्या. "केस नई ऱ्हातात, तं कसाले लावतात?"

भिंतीवरचं बेबाबाईचं डोकं खाली गेलं. बोलण्यासारखं समोर असताना बेबाबाई निघून गेली, असं गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

नूतननं कात्री चालवली. केसांचा भार एकदम उतरला, तशी कुंदाबाईंची मान थोडी वर आली. नूतननं कडा सारख्या केल्या, उजव्या कानामागचे केस बाजूला केले आणि तिला ते जुने, बरे झालेले ओरखडे दिसले. तिनं नानांकडे पाहिलं. नाना आपल्या तपकिरी हाताकडे पाहत होते. तिनं केस पुन्हा कानामागे सारले.

कापलेल्या केसांचं काय करायचं, यावर नूतन म्हणाली, आजारी बायांच्या टोपासाठी केस दान घेतात. तिनं जळगावच्या एका पार्लरवालीला फोटो पाठवला. उत्तर आलं, असे नको, चिकट आहेत. संध्याकाळी गल्लीतून 'केसांवर भांडी' ओरडत फेरीवाला गेला. बेबाबाईनं चांगल्या मनानं त्याला थांबवलं. त्यानं केस उचलून बघितले, नाकाशी नेले.

"बाबा, ह्याला टायरचा वास येतो," तो म्हणाला. "हे चालत नाही." आणि आरोळी देत पुढे गेला.

नानांनी त्याला दम दिला नाही. त्यांनी केस धुतल्या पंच्यात गुंडाळले आणि नदीत सोडायला निघाले. नदीपर्यंत गेले. वैशाखातली नदी. पात्रात नुसती वाळू आणि क्रिकेट खेळणारी पोरं. नाना काठावर थोडा वेळ उभे राहिले आणि गुंडाळी तशीच परत घेऊन आले. ती माळ्यावर ठेवली. आषाढात पाणी आलं की बघू.

सण संपला. नूतन जळगावला गेली. घरात दोघं राहिली.

सकाळी नानांनी सवयीनं पाट मांडला. मांडल्यावर लक्षात आलं. पण मांडलेला पाट उचलणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते त्याच्यावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. कुंदाबाई आल्या, पुढ्यात बसल्या, डाव्या हातात कंगवा घेतला आणि मानेपर्यंतचे केस दोन-चार हातांत विंचरून मोकळ्या झाल्या. कोणाची गरज लागली नाही. नाना मागे बसून होते. मागे बसून करायचं काहीच राहिलं नव्हतं.

"कामं नईत का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नईत."

"मंग इकडे या. मन्हासमोर बठा."

नाना उठले आणि समोर येऊन बसले. कुंदाबाईंनी कंगवा डाव्या हातात नीट धरला.

"टोपी काढा," त्या म्हणाल्या. "इतला दिवस तुम्ही मना केस कयात. आज मी तुमना करस."

नाना टोपी आंघोळीला तेवढी काढत, आणि आंघोळ विहिरीवर होई. झोपताना ती डोक्यावरच असे. त्यांनी थोडा वेळ नकार द्यायचा विचार केला. मग मान खाली घालून टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

कंगवा वर आला आणि मध्येच थांबला. कुंदाबाई पाहत राहिल्या. सकाळचं ऊन नानांच्या डोक्यावर पडून तुळशीवृंदावनावर चमकत होतं.

"हाई कव्हय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"व्हयनं कव्हयनं तरी."

"माले सांगं नई."

"तू विचारं नई."

कुंदाबाईंनी कंगवा खाली ठेवला. थोडा वेळ विचार केला.

"जा," त्या म्हणाल्या. "वलं फडकं लई या. डोकं पुशी देस."